गेमिंग पीसी: जास्त पैसे प्रोसेसरला की ग्राफिक्स कार्डला?

गेमिंग पीसी जुळवताना बरेच जण आधी प्रोसेसर ठरवतात आणि उरलेल्या पैशांत कार्ड बसवतात. आमचा आग्रह उलटा आहे: आधी मॉनिटर आणि गेम ठरवा, मग कार्ड, मग प्रोसेसर.

कारण साधं आहे. १९२०×१०८० च्या (१०८०पी) पडद्यावर प्रत्येक फ्रेमला (पडद्यावरच्या एका चित्राला) सुमारे २०.७ लाख पिक्सेल रंगवावे लागतात, २५६०×१४४० (१४४०पी) वर ३६.९ लाख आणि ४के वर ८२.९ लाख. हे काम कार्डाचं. गोळी कुणाला लागली, शत्रू कुठे वळला, पडद्यावर काय काय काढायचं हा हिशेब प्रोसेसरचा, आणि रिझोल्यूशन (पिक्सेलची संख्या) वाढवलं तरी तो जवळपास तेवढाच राहतो. वेळ मात्र मोजकाच असतो: ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम) प्रत्येक फ्रेममागे १६.७ मिलिसेकंद, १४४ ला ६.९, २४० ला फक्त ४.२. दोघांपैकी ज्याचं काम उशिरा संपतं, त्याच्या वेगाने गेम चालतो.

तुमच्या सध्याच्या पीसीवर कोण मागे पडतंय हे पाच मिनिटांत कळतं. एफपीएसची मर्यादा आणि व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सोय) बंद करा, नेहमीच्या गेममधला गर्दीचा प्रसंग निवडा आणि कार्डाचा वापर किती टक्के दिसतो ते पाहा. तो ९७ ते ९९ टक्के असेल तर कार्ड पुरत नाही. ६०–७० टक्क्यांवरच रेंगाळत असेल तर रिझोल्यूशन एक पायरी खाली आणा. तरीही एफपीएस वाढले नाहीत, तर प्रोसेसर किंवा रॅम अडवतेय. प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्के दिसतो म्हणून फसू नका. गेमचा मुख्य धागा (थ्रेड, म्हणजे कामांची एक रांग) एकाच कोरवर (प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र गणकावर) अडकलेला असू शकतो, बाकीचे कोर मोकळे बसलेले असतात.

यात अपस्केलिंगमुळे (गेम कमी रिझोल्यूशनवर काढून चित्र मोठं करण्यामुळे) एक बदल झालाय, तो खरेदीच्या वेळी सुटून जातो. डीएलएसएस (एनव्हिडियाचं अपस्केलिंग) किंवा एफएसआर (एएमडीचं) परफॉर्मन्स मोडवर ठेवलं की ४के मॉनिटरवर गेम आतून १०८०पी वरच काढला जातो. क्वालिटी मोडवर १४४०पी वर. कार्डाचा भार हलका होतो, एफपीएस वाढतात आणि त्याबरोबर प्रोसेसरचं काम वाढतं. म्हणजे '४के ला प्रोसेसर कुठलाही चालतो' हे आता अर्धंच खरं. फ्रेम जनरेशनचा, म्हणजे खऱ्या फ्रेमच्या मधे कार्डाने बनवून घातलेल्या फ्रेमचा, भरवसा तर त्याहून कमी धरा: मूळ एफपीएस ६० च्या आसपास नसतील तर आकडा वाढतो, पण माऊसचा प्रतिसाद जडच राहतो.

प्रोसेसर

एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) रायझन ५ ७६०० हा आमच्या मते बहुतेकांसाठी पुरेसा पर्याय आहे. ६ कोर, १२ थ्रेड, ३२ एमबी एल३ कॅश (चिपमधली वेगवान मेमरी), ६५ वॉट टीडीपी (कूलरने बाहेर काढायची उष्णता). महागडा कूलर लागत नाही. त्याच सॉकेटवर रायझन ७ ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी आहेत. दोन्हींत ८ कोर, पण खरी ताकद ९६ एमबी एल३ कॅशमध्ये आहे. गेमला पुन्हा पुन्हा लागणारी माहिती चिपमध्येच सापडते, रॅमपर्यंतची फेरी वाचते. म्हणूनच फॅक्टोरिओ, फ्लाइट सिम्युलेटर यांसारख्या गेममध्ये आणि काउंटर-स्ट्राइक २ च्या वरच्या एफपीएसमध्ये फरक ठळक दिसतो. ७८००एक्स३डी मध्ये जादा कॅश कोरच्या वर बसवलेली आहे, त्यामुळे उष्णता बाहेर पडायला अडथळा होतो. ९८००एक्स३डी मध्ये ती कोरच्या खाली नेली, म्हणून तो जास्त क्लॉकवर (वेगावर) चालतो.

इंटेलकडे कोअर आय५-१२४००एफ अजूनही तंग बजेटला चांगला आहे, विशेषतः जुनी डीडीआर४ रॅम हाताशी असेल तर. आय५-१४६००के बराच वेगवान आहे (६ मोठे आणि ८ छोटे कोर), पण तो १८१ वॉटपर्यंत जातो, आणि १४व्या पिढीनंतर इंटेलने डेस्कटॉपचं सॉकेट बदललं. याउलट एएम५ ला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही आधार देण्याचं एएमडीने जाहीर केलंय. आज ७६०० घेऊन पुढे एक्स३डी बसवायची सोय हीच एएम५ ची मोठी जमेची बाजू.

१३व्या किंवा १४व्या पिढीचा वरच्या श्रेणीचा इंटेल प्रोसेसर वापरलेला घेत असाल तर जपून. चुकीच्या व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर झिजून अस्थिर होत होते. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) दुरुस्ती दिली, पण आधीच झालेली झीज त्याने भरून येत नाही. १२व्या पिढीला हा त्रास नाही.

ग्राफिक्स कार्ड

| कार्ड | मेमरी | बस | पीसीआयई लेन | वीज |
|---|---|---|---|---|
| आरटीएक्स ५०६० | ८ जीबी | १२८ बिट | ८ | १४५ वॉट |
| आरटीएक्स ५०६० टीआय | ८ / १६ जीबी | १२८ बिट | ८ | १८० वॉट |
| आरएक्स ९०६० एक्सटी | ८ / १६ जीबी | १२८ बिट | १६ | १६० वॉट (१६ जीबी) |
| आर्क बी५८० | १२ जीबी | १९२ बिट | ८ | १९० वॉट |
| आरटीएक्स ५०७० | १२ जीबी | १९२ बिट | १६ | २५० वॉट |
| आरएक्स ९०७० | १६ जीबी | २५६ बिट | १६ | २२० वॉट |
| आरटीएक्स ५०७० टीआय | १६ जीबी | २५६ बिट | १६ | ३०० वॉट |
| आरएक्स ९०७० एक्सटी | १६ जीबी | २५६ बिट | १६ | ३०४ वॉट |

आरटीएक्स कार्डं एनव्हिडियाची, आरएक्स एएमडीची, आर्क इंटेलची. बस म्हणजे कार्डाच्या मेमरीकडे जाणाऱ्या रस्त्याची रुंदी, पीसीआयई लेन म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यामधले रस्ते. या तक्त्यात सगळ्यात जास्त वेळ पहिल्या तीन ओळींवर घालवा, कारण फसगत तिथेच होते. एकाच नावाचं कार्ड ८ आणि १६ जीबीत मिळतं आणि साध्या चाचणीत दोन्ही सारखीच दिसतात. फरक मेमरी भरल्यावर कळतो. ५०६० टीआय स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला ४४८ जीबी माहिती उचलतं. ८ जीबी पुरली नाही की जादा टेक्श्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) मुख्य रॅममध्ये जातात आणि पीसीआयई स्लॉटमधून ये-जा करतात. ८ लेनचं कार्ड पीसीआयई ५ वर असेल तर हा रस्ता एका दिशेने सेकंदाला सुमारे ३२ जीबीचा, ४ वर १६ आणि ३ वर जेमतेम ८ जीबीचा. सरासरी एफपीएस ठीक वाटतात, पण वळण घेतलं की गेम अडखळतो किंवा भिंतीवरची चित्रं धूसरच राहतात. म्हणून बी४५० सारख्या पीसीआयई ३ च्या जुन्या मदरबोर्डवर, किंवा रायझन ५ ५५०० सारख्या पीसीआयई ३ पुरत्याच प्रोसेसरबरोबर, ८ लेनचं ८ जीबी कार्ड घेऊ नका. तिथे १६ लेनचं, १६ जीबीचं ९०६० एक्सटी कितीतरी शहाणपणाचं.

८ जीबी फक्त एकाच गटाला पुरते: जे १०८०पी वर व्हॅलोरंटसारखे स्पर्धात्मक गेम कमी सेटिंगवर खेळतात.

बी५८० ची १२ जीबी मोहात पाडते, पण त्याला बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) सुरू असणं जवळपास सक्तीचं आहे, आणि त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो. जुन्या ६ कोरच्या प्रोसेसरमध्ये जीव ओतायला हे कार्ड योग्य नाही.

वरच्या टोकाला ९०७० एक्सटी आणि ५०७० टीआय साध्या रेंडरिंगमध्ये जवळजवळ आहेत. सायबरपंक २०७७ मध्ये पाथ ट्रेसिंग (प्रकाशाच्या किरणांचा हिशेब करून चित्र काढणं) लावलं की एनव्हिडिया स्पष्ट पुढे जातं. ते तुम्ही खरंच लावणार नसाल तर एएमडीचं कार्ड स्वस्त असेल तेव्हा तेच घ्या.

जोड्या

१४४०पी, १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर), कथाप्रधान गेम: ७६०० आणि ९०७० किंवा ५०७०. आमचा कल १६ जीबीमुळे ९०७० कडे. १०८०पी, २४० हर्ट्झ, नेमबाजीचे गेम: ७८००एक्स३डी आणि ९०६० एक्सटी. प्रोसेसरवर जास्त खर्च करणं रास्त ठरतं ते इथेच. ४के: ७६०० आणि ९०७० एक्सटी. याच पैशांत ९८००एक्स३डी आणि ५०६० टीआय घेतलं तर ४के वर प्रोसेसर कार्डाची वाट पाहत बसेल.

पॉवर सप्लाय ९०७० एक्सटी आणि ५०७० टीआय ला ७५० वॉटचा धरा. बारा व्होल्टचा नवा १६ पिनी कनेक्टर असलेलं कार्ड असेल तर तो फट न राहता आत बसला का ते उजेडात पाहा आणि केबल कनेक्टरच्या अगदी तोंडाशी वाकवू नका. अर्धवट बसलेल्या पिना तापून वितळतात.

रॅम एएम५ साठी १६ जीबीच्या दोन कांड्या, डीडीआर५-६०००, सीएल३० (रॅमच्या प्रतिसादाचा उशीर; आकडा कमी तितका बरा). चार कांड्या लावल्या तर वेग खाली आणावा लागतो. एकच कांडी लावली तर चॅनल निम्मे होतात आणि एक टक्का लो (सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचे एफपीएस) कोसळतात. दोन्ही कांड्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा आणि बायोसमध्ये एक्स्पो (रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारी सोय) सुरू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वरच चालत राहते. पहिल्यांदा सुरू करताना एएम५ बोर्ड काही मिनिटं पडदा काळाच ठेवतो; रॅमची जुळणी चालू असते, बटण दाबून बंद करू नका. ९००० मालिकेचा प्रोसेसर जुन्या बी६५० बोर्डवर लावणार असाल तर बायोस आधी अद्ययावत करावा लागेल, म्हणून प्रोसेसरशिवाय बायोस बदलता येणारा बोर्ड निवडा.

शेवटी मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डाला जोडा, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट स्वतः १४४ वर करा. बरेचदा तो ६० वरच राहिलेला असतो.