सात रस्त्याजवळचं झेरॉक्स-बायंडिंग: शिलाई पक्की, पानं मात्र तपासून घ्या

एम.ए.च्या प्रबंधासाठी अमेरिकन काँग्रेसमधल्या जुन्या वादांची ३०० पानं इथं काढली. शिलाई दणकट. तीन महिने पिशवीत आदळतंय, एक पान सुटलं नाही. पण १८४६ च्या विल्मॉट प्रोव्हिजोची, म्हणजे मेक्सिकोकडून मिळणाऱ्या मुलखात गुलामगिरी नको या दुरुस्तीची, चार पानं उलटी शिवली. बदलून दिली, जरा तोंड वाकडं करून. दुपारी २ ते ४ बंद. मे महिन्यात दोनदा हेलपाटा पडला.

काका छापता छापता वाचतात, हे मला आवडलं. "खासदारानं सिनेटरला काठीनं मारलं?" होय काका, मे १८५६. कॅन्सस या नव्या मुलखातल्या गुलामगिरीवरच्या भाषणात उत्तरेतले सिनेटर चार्ल्स समनर यांनी दक्षिणेतले सिनेटर बटलर यांची टर उडवली. बटलरांचा नातलग, खासदार प्रेस्टन ब्रूक्स, सिनेटच्या सभागृहात शिरला आणि काठी तुटेपर्यंत समनरांना झोडपलं. गुलामगिरीच्या बाजूच्या दक्षिणेतून ब्रूक्सला नव्या काठ्या भेट आल्या! मुलूख वाढवायचा विषय निघाला, की खरा मर्द कोण हेही तिथं ठरवायचं असायचं.

"आमच्या गल्लीतल्यासारखंच की ओ," म्हणत काकांनी वरचे पाच रुपये सोडले.