रेडिओग्राम लगेच बोलू लागला, तिथेच कळायला हवं होतं

आकडा आधी सांगून टाकतो. ४२,००० रुपये गेले. शिवाय त्याहून जास्त किमतीचा माल माझ्याच घरातून, मीच एका बाजूनं उचलून, टेंपोत चढवून दिला.

आमच्याकडे जर्मन ग्रुंडिग कंपनीचा रेडिओग्राम आहे, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच पेटाऱ्यात. थोरले काका बोटीवर होते, त्यांनी तो १९६१ मध्ये हॅम्बुर्गहून आणला. कस्टमवाल्यांशी काय बोलणं झालं याची कथा ते दर दिवाळीला वेगळी सांगत. साडेचार फूट लांब, अक्रोडाच्या लाकडाचा तुकतुकीत पेटारा. डावीकडचं दार सरकवलं की ड्युअल कंपनीचा रेकॉर्ड चेंजर (एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणारा प्लेअर), उजवीकडे रेडिओ, त्याखाली पेटीच्या पट्ट्यांसारखी हस्तिदंती रंगाची बटणं. स्टेशनं दाखवणाऱ्या काचेवर हिल्व्हर्सम, लक्झेंबर्ग, बेरोम्युन्स्टर अशी गावं. आम्हा पोरांचा युरोपचा भूगोल त्या काचेवर झाला. गिरगावच्या चाळीत बुधवारी रात्री बिनाका गीतमालेला अर्धा मजला आमच्या खोलीत असायचा. आणि हिरवा डोळा! मॅजिक आय म्हणतात त्याला. दोन हिरव्या पट्ट्या असायच्या, स्टेशन नेमकं लागलं की एकमेकींकडे सरकायच्या, सुटलं की लांब व्हायच्या. त्या पट्ट्या जुळवण्यावरून माझी आणि धाकट्या बहिणीची मारामारी व्हायची.

डोंबिवलीला आल्यावर तो हॉलमध्ये टीव्हीखाली गेला, नंतर कपड्यांच्या गाठोड्याखाली. दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो आणि पहिल्यांदा काय केलं तर गाठोडं उचलून त्याचं बटण दाबलं. (हाही मूर्खपणाच. इतकी वर्षं बंद असलेलं यंत्र थेट विजेला लावायचं नसतं. जुने मेकॅनिक आधी बल्बाच्या सिरीज बोर्डवर लावतात, आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो आणि यंत्र वाचतं. मला तेव्हा माहीत नव्हतं.) अर्ध्या मिनिटानं ‘घुंऽऽ’ असा आवाज आला आणि त्यामागे एक बाई विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी बातम्या देऊ लागली. आईला तेवढ्यानंही भरून आलं.

मग मी मोबाइलवर शोधाशोध केली. एक तिशीतला मुलगा जुने रेडिओ नवे करून त्यांचे व्हिडिओ टाकायचा. आधी धूळ खाल्लेला सेट, मग चकचकीत, मागे जुनं गाणं. आता आठवतं, त्या व्हिडिओंत पेटारा सगळ्या बाजूंनी दिसायचा, पण दुरुस्तीनंतर मागची फळी कधीच उघडलेली नसायची.

तो घरी आला. आईच्या पाया पडला. पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा मागून घेतले. रेडिओग्रामवरून हात फिरवत म्हणाला, “काका, अशा वस्तूला हात लावताना अंगावर काटा येतो बघा.” मागची फळी काढली, टॉर्च मारला, दोन मिनिटं पाहिलं आणि मान हलवली. “व्हॉल्व्ह सगळे गेलेत. आठवडाभर शोधावे लागतील. तरी करतो, आजींसाठी.” व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओतल्या बल्बासारख्या काचेच्या नळ्या, आवाज त्यांच्यावरच चालतो.

बोली झाली ४२,०००, त्यातले २५,००० आगाऊ. पावती मागायला मला लाज वाटली. ज्या पोरानं आत्ताच आईच्या पायाला हात लावला, त्याला पावती कशी मागायची? मध्यमवर्गीय मराठी माणसाला लुटायचं तर हा रस्ता सगळ्यात स्वस्त पडतो. नमस्कार करायला पैसे पडत नाहीत.

न्यायला चार माणसं लागली. दोन महिन्यांचे सात महिने झाले. मध्ये मध्ये फोटो यायचे ते पॉलिशचे. आतलं काही विचारलं की “काम चालू आहे काका, सरप्राइज राहू दे.” शेवटी गणपतीच्या आदल्या दिवशी, मी मखराच्या पताका लावत शिडीवर असताना, टेंपो दारात. वर आणला दोघांनी. चार जणांनी उतरवलेली वस्तू दोघं जिने चढून घेऊन आले आणि त्यांना धापही लागली नाही, हे माझ्या मुलानं तेव्हाच बोलून दाखवलं होतं. मी म्हटलं, “सवय असते त्यांना.”

दिसायला नवरीसारखा. “काका, ब्लूटूथ मी फ्री टाकून दिलंय.” उरलेले १७,००० मी तिथंच मोबाइलवरून पाठवले. बटण दाबलं, लगेच गाणं सुरू. घरातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त आई म्हणाली, “अरे, हा लगेच कसा बोलायला लागला? पूर्वी बटण दाबून मी चहाचं आधण ठेवून यायची, तेव्हा कुठे याचा घसा साफ व्हायचा.”

चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईनं एका वाक्यात सगळी लबाडी पकडली होती. व्हॉल्व्हच्या आतली तार तापल्याशिवाय त्यातून काही वाहत नाही, वीस-तीस सेकंद लागतातच. मी हसून म्हणालो, “आई, नवीन केलाय तो.”

गणपतीचे दिवस पाहुण्यांत गेले. सगळ्यांना मी तो कौतुकानं दाखवला. नंतर एका रात्री, घर शांत झाल्यावर, एकटाच त्याच्यासमोर बसलो आणि स्टेशन फिरवू लागलो. हिरवा डोळा हलेना. स्टेशन लागो, सुटो, दोन्ही पट्ट्या जिथल्या तिथे. मग १०७.१ लागलं, एफएम रेनबो. छान स्वच्छ. मी ऐकत राहिलो आणि थोड्या वेळानं सहज काचेकडे लक्ष गेलं. त्या काचेवरचा एफएमचा पट्टा १०० ला संपतो. जर्मनीत त्या काळी एफएम तेवढंच होतं. म्हणजे या यंत्रानं स्वतःच्या काचेबाहेरचं स्टेशन पकडलं होतं. मागे हात लावून पाहिला. तासभर वाजूनही फळी गार. पूर्वी थंडीत मांजर तिथे जाऊन बसायचं.

फळी उघडली. व्हॉल्व्ह होते की! ओळीनं उभे होते, आणि प्रत्येकाच्या बुडाशी गोंदानं चिकटवलेला नारिंगी एलईडी. हिरव्या डोळ्याच्या जागी अॅक्रिलिकचा तुकडा आणि त्यामागे हिरवा एलईडी. तळाशी माझ्या तळहाताहून लहान एक हिरवी सर्किटची पाटी, तिला लॅपटॉपचा अडॅप्टर जोडलेला. लंबगोल स्पीकर जाऊन तिथे मोटारीत बसवतात ते स्पीकर आले होते. वजनदार ट्रान्सफॉर्मर गेले, त्यांच्या स्क्रूंची रिकामी भोकं राहिली. आणि चेंजरच्या जागी सुटकेसमधल्या खेळण्यातल्या प्लेअरचं प्लास्टिक तबकडं, त्याला लाल सुई. गणपतीत कुणी रेकॉर्ड लावायला सांगितली नाही म्हणून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सरकतं दार त्यानं इतकं घट्ट बसवलं होतं की सहज उघडू नये.

फोन केला. शांतपणे म्हणाला, “काका, जुने पार्ट आता मिळत नाहीत. सगळं अपग्रेड करून दिलंय. आवाज आवडला होता ना तुम्हाला?” जुने सुटे भाग कुठे आहेत? “ते भंगारात गेले.”

पोलीस चौकीत साहेबांनी विचारलं, “वाजतोय ना?” वाजत तर होता. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार नोंदवली. पण त्याचं दुकान नाही, पावती नाही, काय काम ठरलं याचा लेखी शब्द नाही. वकील मित्रानं नोटीस पाठवल्यावर त्यानं ८,००० परत केले आणि माझा नंबर ब्लॉक केला. म्हणजे गेले शेवटी ३४,०००.

खरा धक्का त्यानंतर बसला. एका ओळखीच्यानं लॅमिंग्टन रोडवर पूर्वी काम केलेल्या एका मेकॅनिकना घरी आणलं, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी आधी माझ्याकडून जुनी लक्षणं विचारून घेतली. घुं आवाज, मागे बारीक बातम्या. मग म्हणाले, “व्हॉल्व्ह सगळे गेले असते, तर घुं कोण करत होतं?”

त्यांच्या मते गेले असतील ते कपॅसिटर. विजेची थरथर गाळून घेणारे मोठे कपॅसिटर वर्षानुवर्षं पडून राहिले की सुकतात, मग ती थरथर घुं होऊन स्पीकरात येते. बारके कागदी कपॅसिटर आपल्याकडच्या दमट हवेत गळायला लागतात. त्यातला एक नेमका शेवटच्या व्हॉल्व्हच्या आधी असतो, तो गळला की व्हॉल्व्ह लालभडक तापतो आणि जाताना ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. म्हणून तो आधी बदलायचा. चेंजरमधलं रबरी चाक दगड झालेलं असणार, ते नवं करून घ्यायचं. पिकअपमधला, म्हणजे रेकॉर्डवर फिरणाऱ्या सुईच्या डोक्यातला, स्फटिक पावसाळ्यात मेलेला असणार. हे सगळं मिळून सामानाचे चार-पाच हजार, मजुरी वेगळी. बाकी सगळं जर्मन माल, अजून वीस वर्षं चाललं असतं.

ओळीनं उभे केलेले व्हॉल्व्ह त्यांनी एकेक काढून उजेडात धरले. चांगल्या व्हॉल्व्हच्या डोक्याशी काचेच्या आत आरशासारखा चंदेरी डाग असतो. इथे तीन व्हॉल्व्हांचा डाग दुधासारखा पांढरा. आत हवा शिरली की असं होतं. म्हणजे कुठल्या तरी कचऱ्यातले. “तुमचे टेलिफुंकन कंपनीचे असणार,” ते म्हणाले. “त्यांच्या बुडाला, पिनांच्या मध्ये, काचेतच पत्त्यांतल्यासारखी चौकट उमटवलेली असते. गिटारवाले आणि हायफायवाले त्यातल्या ईसीसी-८३ नंबरच्या व्हॉल्व्हसाठी मागाल तेवढे पैसे मोजतात.” ईएल-८४ चंही तसंच. स्पीकर, ट्रान्सफॉर्मर, ड्युअलचा चेंजर, सगळ्याला सुटं गिऱ्हाईक आहे. पेटारा तेवढा कुणाला नको असतो, जागा फार लागते. तो मला मिळाला.

त्या व्हिडिओवाल्याला दुरुस्ती येत होती का, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. आता वाटतं, येत असावी. ज्याला येत नाही त्याला काय काढून घ्यायचं हेही कळत नाही.

तुमच्याकडे असा सेट असेल तर देण्याआधी मागची फळी उघडा (प्लग काढून, आणि आत बोट न घालता, आत अडीचशे व्होल्टचा साठा राहू शकतो) आणि प्रत्येक व्हॉल्व्हचा, ट्रान्सफॉर्मरचा, स्पीकरचा फोटो काढा. ट्रान्सफॉर्मरच्या कडेला नेलपेंटचा ठिपका द्या. काढलेला प्रत्येक भाग, मेलेला असला तरी, परत मिळेल असं मोबाइलवर का होईना लिहून घ्या. जो नाही म्हणेल त्याला पोहे द्यायला हरकत नाही, सेट देऊ नका. आणि परत आल्यावर आधी पॉलिश बघू नका. फळी उघडायला सांगा, त्याच्या देखत, पैसे द्यायच्या आधी.

मागच्या महिन्यात मेकॅनिक काकांचा फोन आला. सुटे भाग विकणाऱ्या कुणाकडे त्यांना एक आउटपुट ट्रान्सफॉर्मर दिसला (स्पीकरच्या आधी असतो तो, आमच्या सेटमध्ये डाव्या-उजव्या बाजूला एकेक होता). वरच्या कागदी गुंडाळीवर पेन्सिलीनं मराठी आकड्यांत ‘१२-८-७९’ आणि ‘डावा’. गिरगावात पाणी शिरून सेट बंद पडला होता तेव्हा चाळीतल्या रेडिओवाल्यानं दुरुस्त करून लिहिलेली तारीख. आईला ती दुरुस्ती आठवते, त्याला किती पैसे दिले तेही आठवतं, १८ रुपये. मी तो ३,५०० ला विकत घेतला. विकणाऱ्यानं तो कुणाकडून घेतला ते सांगितलं नाही आणि मीही फार ताणलं नाही, कारण देणार नाही म्हणाला असता तर?

रशियन बनावटीचा नवा ईएल-८४ आणि एक साधा रेडिओचा सांगाडा जमवून मेकॅनिक काकांनी डावी बाजू चालू केली आहे. मीडियम वेव्ह लागतं. मांजर आता नाही, पण फळी तापते.

उजवा ट्रान्सफॉर्मर अजून कुठेतरी फिरतोय. त्याच्याही कागदावर त्याच हस्ताक्षरात तीच तारीख आणि ‘उजवा’ असं लिहिलेलं आहे. ‘उ’ ची शेपटी लांब काढलेली. कुणाला विकायला आलेला दिसला तर किंमत पाडून मागू नका, सांगेल ती द्या आणि मला कळवा. पैसे मी देतो.