स्कूटरचा मूळ सायलेन्सर मॅट ब्लॅक केला: एक पावसाळा, एक हिवाळा वापरून

सायलेन्सर बदललेला नाही, हे आधीच सांगतो. डबा कंपनीचा, आवाजही कंपनीचाच. क्रोमचं झाकण (हीट शील्ड), तपकिरी पडलेला बेंड (इंजिनपासून डब्यापर्यंतचा वाकडा पाइप), वेल्डिंगच्या कडेचा गंज हे सगळं डोळ्यांत खुपत होतं, म्हणून सगळा मॅट ब्लॅक करून घेतला. गाडी १२५ सीसी, बीएस-६. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या वर्गातल्या बहुतेक स्कूटरना उजवीकडे असाच जाडजूड डबा लटकलेला असतो आणि वर चकाकतं झाकण ठोकून तो आणखी नजरेत भरेल याची सोय केलेली असते.

"भाऊ, फ्री-फ्लो टाक ना, बारीक दिसतो," हा बाहेरचा, मोकळ्या आवाजाचा सायलेन्सर लावायचा सल्ला आमच्या नाशिकच्या कॉलेज रोडला फुकट मिळतो. बारीक दिसतो हे खरं. पण माझ्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारी जाळी, त्या डब्याच्या पोटातच आहे. डबा गेला की तोही गेला, मग पीयूसीला काय सांगणार? शिवाय आवाज आणि धुराचे नियम मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दंड १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो आणि लायसन्सवरही गदा येते. एवढं करून पदरात काय, तर गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या शिव्या.

काम अंबडला करून घेतलं. एमआयडीसी असल्यामुळे नाशिकमध्ये सँड ब्लास्टिंग (रेतीचा मारा करून गंज, जुना रंग काढणं) आणि कोटिंगवाले शोधावे लागत नाहीत, पण एका सायलेन्सरसाठी मशीन लावायला सगळे तयार होत नाहीत. ज्यांनी केलं त्या मिस्त्रींनी आधी विचारलं, "सेन्सर काढला का साहेब?" धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर काढून, त्या भोकाला जुना बोल्ट आणि पाइपच्या दोन्ही तोंडांना चिंध्या घट्ट कोंबूनच त्यांनी डबा आत घेतला. ब्लास्टिंगची रेती कन्व्हर्टरच्या जाळीत शिरली तर ती बाहेर काढायला वाट नाही. तुम्ही कुठेही करून घ्या, हे समोर उभं राहून बघा.

मला पावडर कोटिंग, म्हणजे कोरडी रंगाची पूड मारून भट्टीत पक्की करतात ते, हवं होतं. मिस्त्री म्हणाले, "डब्याला चालेल एखाद वेळेस, बेंडला नाही टिकणार." साधी पावडर भट्टीत २०० अंशांच्या आसपास पिकते आणि इंजिनमधून निघाल्या निघाल्या बेंड त्याहून पुष्कळ जास्त तापतो. म्हणून ६०० अंशांपर्यंत टिकणारा हीट पेंट, दोन पातळ हात. हा रंग नुसता वाळून पक्का होत नाही, तापून होतो. बसवल्यावर गाडी थोडा वेळ चालू, मग पूर्ण गार, पुन्हा चालू, असं करावं लागतं. त्या दिवशी असा वास सुटला की शेजारच्या काकू "वायर जळतेय का रे?" म्हणून बाहेर आल्या.

आता इतक्या महिन्यांनंतर. डबा अजून एकसारखा काळा आहे. मागून बघितलं तर नजर आधी टायरवर जाते, मला हेच हवं होतं. सिंहस्थाच्या कामांमुळे निम्मं शहर खोदलेलं, त्यात त्र्यंबक रोडचा पाऊस. एवढ्यातून जाऊनही गंज नाही. बेंडचं मात्र तसं नाही. पुढच्या चाकाचा चिखल आणि खडी थेट तिथे बसते. खालच्या बाजूला नखाएवढे टवके उडालेत आणि वळणावर काळ्याचा राखाडी झालाय. वाकून बघितल्याशिवाय कळत नाही, पण पावसाळ्याआधी पॉलिश पेपर मारून तेवढाच भाग पुन्हा रंगवावा लागेल.

हीट शील्ड काढून टाकलं असतं तर आणखी सुटसुटीत दिसलं असतं, पण ते ठेवलं. साडी नेसून एका अंगाला बसणाऱ्या बाईचे पाय डावीकडे असतात, तिला फरक पडत नाही. आमच्याकडे बायको ड्रेसवर दोन्हीकडे पाय टाकून बसते आणि तिची उजवी पोटरी नेमकी डब्याशेजारी येते. त्यामुळे शील्डचं क्रोम घासून तेही काळं केलं. बसवताना त्याखालचे फायबरचे वॉशर विसरू नका, नाहीतर पत्रा थेट डब्याला टेकून चटके देतो आणि खडखडतो ते वेगळंच.

डब्याच्या तळाला एक बारीक भोक असतं. रंगवणाऱ्याला ते खराबी वाटून बुजवावंसं वाटतं. बुजवू देऊ नका. नाशिकच्या थंडीत सकाळी गाडी चालू केली की तिथून थेंब थेंब पाणी पडतं. ते आत साठलं तर डबा आतून सडतो आणि मग बाहेरचा रंग काय चाटायचाय?

मायलेजमध्ये फरक नाही, पिकअपमध्ये नाही, पीयूसी आधीसारखंच पास. इंजिनच्या हेडला बेंड जोडतात तिथलं गॅस्केट (फट बंद करणारी चकती) मात्र नवीनच टाका. जुनं पुन्हा बसवून फट राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, विनाकारण पेट्रोल वाढवतो. गॅस्केट काही फार महाग नाही. ब्लास्टिंग, रंग आणि फिटिंग धरून माझे अडीच हजारांच्या आत गेले. उरलेला हीट पेंट रंगाच्याच डब्यात झाकण लावून ठेवलाय, बेंडला तोच वापरणार.