गॅलरीतल्या बजरीगरांना थंडीत बल्ब लावावा की गोणपाट?

निफाडकडे पारा ५-६ अंशांवर उतरला की बाहेर पिंजरा असलेल्यांची चलबिचल सुरू होते. बजरीगर, म्हणजे हे छोटे पोपट, मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मैदानातले, तिथल्या रात्रीही गार असतात. अंग कोरडं असेल आणि वारा लागत नसेल, तर धडधाकट पक्षी पिसं फुलवून थंडी काढतो. त्याला खरा त्रास होतो तो वाऱ्याच्या झोताचा.

खर्चात गोणपाटाला तोड नाही, दोन जुनी पोती पुरतात. ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब दहा तासांत पाऊण युनिटही खात नाही, पण तो आता शोधावा लागतो. एलईडी लावून उपयोग नाही, त्यात पुरेशी ऊबच नसते.

झोपेच्या बाबतीत बल्ब सपशेल नापास. पक्ष्यांना रोज दहा-बारा तास अंधार लागतो. उजेड न देणारा सिरॅमिक हीटर हा त्यावरचा उपाय, मात्र टेफ्लॉनचा लेप असलेला कोणताही हीटर नको. तापल्यावर त्याचा धूर पक्ष्यांचा जीव घेतो. शिवाय वायर कुरतडली जाते, वीज जाते. बल्ब पिंजऱ्याबाहेर, जाळीच्या आड आणि एकाच कोपऱ्यात हवा, म्हणजे उकडलं तर पक्ष्याला सरकता येतं. पोत्याजवळ तर तो नकोच, आग लागेल.

गोणपाटाला मेहनत रोजची: संध्याकाळी तीन बाजू झाकायच्या, समोरची हवेसाठी मोकळी ठेवायची, सकाळी काढून उन्हात टाकायचं. प्लॅस्टिक आतल्या बाजूने ओलं होतं, ते टाळाच.

निरोगी जोड्यांना गोणपाट पुरे. पिल्लं, आजारी किंवा नुकताच घरातून बाहेर आणलेला पक्षी असेल तर हीटर घ्या, नाहीतर सरळ पिंजरा आत घ्या.