उरलेला सावरडो स्टार्टर: जाड पॅनकेक की ज्वारीचं धिरडं?

सावरडो म्हणजे आंबवलेल्या पिठाचा आंबूस पाव. तो घरी भाजणाऱ्याकडे पावापेक्षा जास्त साठतो तो बाजूला काढलेला स्टार्टर, म्हणजे पाव फुगवायला बरणीत आंबवून ठेवलेलं पीठ-पाणी. 50 ग्रॅम स्टार्टर ठेवून त्यात 50 ग्रॅम कणीक आणि 50 ग्रॅम पाणी घातलं, की पुढच्या खेपेला 100 ग्रॅम बाहेर निघतो. थंडीत हे दिवसातून एकदा चालतं. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांना टेकतो, तेव्हा तोच स्टार्टर तीन-चार तासांत फुगून बसतो आणि दिवसातून दोनदा पीठ मागतो. दोन-तीन दिवसांत अर्धा किलो जमा. ते उकिरड्यावर जाऊ द्यायचं नसेल तर तवा चढवणं सगळ्यात सोपं.

तव्यावर मुख्य पर्याय दोन: सोडा घातलेला जाड गोड पॅनकेक, किंवा ज्वारीच्या पिठात मिसळून केलेलं तिखट धिरडं. तिसरा, नुसता स्टार्टरच तव्यावर ओतण्याचा, पण तो चहाबरोबरच्या तोंडी लावण्यापुरता. कोणता करायचा हे आवडीपेक्षा दोन गोष्टींवर ठरतं: बरणीतला स्टार्टर किती आंबलाय, आणि घरात गॅस आहे की चूल.

आधी बरणी हुंगा

पिकल्या फळासारखा किंवा ताज्या ताकासारखा वास येत असेल आणि स्टार्टर फ्रिजमध्ये आठवड्याच्या आतच राहिला असेल, तर पॅनकेक करा. आंबट वास नाकात चढत असेल, वर काळपट पाणी सुटलं असेल, आठवडा उलटला असेल, तर धिरडं. ते काळपट पाणी म्हणजे उपाशी स्टार्टरवर सुटलेलं, थोडं मद्यार्क असलेलं पाणी. ते ढवळून घ्या किंवा ओतून द्या, बिघडत काही नाही. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला तरी धिरड्याला चालतो, मिरची-लसणाखाली तो दबतो. गोड पॅनकेकमध्ये मात्र तो लपत नाही.

गुलाबी किंवा नारिंगी रेघ दिसली, बुरशीचा ठिपका दिसला, तर वरचं काढून खालचं वापरायच्या भानगडीत पडू नका, अख्खी बरणी फेका. स्टार्टर नव्यानेच लावला असेल तर पहिल्या आठवड्यात बाजूला काढलेलं पीठही खाऊ नका. तेव्हा त्यात हवे ते जंतू स्थिरावलेले नसतात. बुडबुडे दिसले म्हणजे तयार झाला असं नाही.

साठवण काचेच्या, चिनी मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात. जर्मनचं (अॅल्युमिनियमचं) भांडं किंवा बिनकल्हईचं पितळ नको, आंबट पीठ धातू खातं. भांडं निम्मं रिकामं ठेवा, झाकण सैल. पॅनकेकसाठी आठवडा, धिरड्यासाठी पंधरा दिवस ही फ्रिजमधली मुदत. वीज रोज चार-सहा तास जात असेल तर ती निम्मी धरा.

जाड पॅनकेक

200 ग्रॅम स्टार्टर, 100 ग्रॅम पीठ (निम्मी कणीक, निम्मा मैदा), 150 मिली दूध, 1 अंडं, 20 ग्रॅम गूळ किंवा साखर, 20 ग्रॅम तेल किंवा पातळ लोणी, चिमूटभर मीठ, आणि शेवटी अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा. यात चार इंची आठ-नऊ पॅनकेक होतात, तयारीपासून शेवटच्या घाण्यापर्यंत अर्धा तास.

फुगवण्याचं काम इथे यीस्ट करत नाही. फ्रिजमधून काढलेल्या स्टार्टरमध्ये तेवढा दम नसतो. स्टार्टरमधलं आम्ल आणि सोडा भेटले की वायू सुटतो, तोच पॅनकेक उचलतो. म्हणून सोड्याचं माप आंबटपणावर ठरतं: कालच्या गोडसर स्टार्टरला पाव चमचा पुरे, चार-पाच दिवसांच्या आंबटाला अर्धा. जास्त पडला तर पॅनकेक पटकन तपकिरी होतो आणि तोंडात साबणासारखी चव राहते. कमी पडला तर नुसता चपटा आणि आंबट. सोडा दोन चमचे पाण्यात विरघळवून अगदी शेवटी, तवा तापल्यावर घाला. पीठ डोळ्यांदेखत फसफसतं, आणि पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत ते संपवायचं असतं. पाहुण्यांची वाट पाहत ठेवलेलं पीठ बसतंच.

गिरणीवरून दळून आणलेली कणीक कोंड्यासकट असते आणि पाणी जास्त पिते. नुसत्या कणकेचे करायचे असतील तर दूध 175 मिलीपर्यंत न्या आणि सोडा घालण्याआधी पीठ दहा मिनिटं ठेवा. पीठ चमच्यावरून जाड पट्टीसारखं सावकाश पडलं पाहिजे. दुधात स्टार्टर पडल्यावर ते फाटल्यासारखं दिसतं; दिसू द्या, आम्लाने दूध फाटणारच.

अंडं चालत नसेल तर जवस आहेच. एक मोठा चमचा कुटलेला जवस तीन मोठे चमचे पाण्यात पंधरा मिनिटं भिजवला की चिकट बुळबुळीत होतो, तो एका अंड्याच्या जागी घाला. पॅनकेक थोडा दाट होतो, पण तुटत नाही. दही घालायचा मोह टाळा, आंबटात आंबट वाढतं.

आता तवा. भाकरीचा खोलगट तवा या कामाला नालायक: पीठ मध्ये जमतं, कडा करपतात, पोट कच्चं राहतं. सपाट डोशाचा किंवा बिडाचा तवा, मंद ते मध्यम आच. पाण्याचा थेंब पडताच उडून गेला तर तवा जास्त तापलाय, जरा नाचून आटला तर बरोबर. पळीभर पीठ, साधारण 60 मिली, एका जागी ओता, पसरवू नका. दोन-अडीच मिनिटांत वर बुडबुडे येऊन फुटतात. फुटलेली भोकं बुजली नाहीत की उलटा. दुसऱ्या बाजूला मिनिट-दीड मिनिट. एकदाच उलटायचं, सराट्याने दाबायचं नाही, दाबलं की कमावलेला वायू गेला. गूळ घातला असेल तर आच आणखी कमी, गूळ साखरेआधी करपतो.

पीठ आदल्या रात्री भिजवून ठेवण्याची एक रीत आहे. ती थंड प्रदेशातली. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत चालेल, एप्रिलनंतर दूध घालून पीठ रात्रभर बाहेर ठेवणं म्हणजे ते नासवणं. करायचंच असेल तर रात्री फक्त पाण्यात भिजवा आणि दूध-अंडं सकाळी घाला.

ज्वारीचं धिरडं

विदर्भातल्या घराला हा पर्याय जास्त सोयीचा आहे, आणि जुन्या स्टार्टरला तर हाच योग्य. आंबीलीची चव ज्यांच्या जिभेवर आहे त्यांना हे पीठ परकं वाटणार नाही.

150 ग्रॅम स्टार्टर, 150 ग्रॅम ज्वारीचं पीठ, 50 ग्रॅम बेसन, 350 ते 400 मिली पाणी, एक चहाचा चमचा मीठ. वाटण तीन-चार हिरव्या मिरच्या, पाच-सहा लसूण पाकळ्या आणि जिऱ्याचं; वर थोडा ओवा, पाव चमचा हळद, मूठभर कोथिंबीर. आठ इंची सात-आठ धिरडी होतात. वेळ तासाभराचा, त्यात निम्मा पीठ ठेवण्याचा. स्टार्टरमध्ये मीठ अजिबात नसतं, त्यामुळे नेहमीच्या अंदाजाने घातलेलं मीठ कमी पडतं.

नुसत्या ज्वारीचं धिरडं उलटताना तुटतं, कारण ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, नाही, चिकी धरणारं काही नाही. स्टार्टरमधल्या गव्हाने तो प्रश्न बराचसा सुटतो. जुन्या स्टार्टरमधलं ग्लुटेन आम्लाने सैल झालेलं असतं, म्हणून धिरडं वातड होत नाही, पण गव्हाचा स्टार्च तरी पकड देतोच. प्रमाण सांभाळा. ज्वारीच्या पिठाइतका स्टार्टर ही वरची हद्द, त्याहून जास्त घातला तर धिरडं दातांना चिकटतं आणि तव्यालाही.

पकड आणखी हवी असेल तर उकडीची युक्ती करा. मापातल्या पाण्यापैकी 100 मिली उकळून 50 ग्रॅम ज्वारीच्या पिठावर ओता, ढवळून झाका, बोटाला सोसेल इतकं निवू द्या. मग बाकी पीठ, बेसन, स्टार्टर आणि 250 मिली पाणी. अर्धा तास ठेवल्यावर पीठ आळतं, तेव्हा उरलेलं 50 मिली लागेल तसं घाला. ताकापेक्षा जरा दाट, पळीच्या पाठीवर पातळ थर राहील इतकं. पीठ ताजं दळलेलं असावं. महिनाभर डब्यात पडलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकर जशी थापताना फाटते तसं धिरडंही फाटतं. सोयाबीनच्या पट्ट्यात ज्वारी आता बऱ्याच घरांना विकतच आणावी लागते, तेव्हा दळण थोडं-थोडं काढलेलं बरं.

सोडा यात नको. स्टार्टर फारच आंबट असेल तर चिमूटभर, त्याहून जास्त नाही. जास्त झालाय की नाही हे हळद सांगते: सोड्याने हळद लालसर होते. धिरडं विटकरी दिसलं की समजा चव गेली.

तवा इथे भाकरीचाच चालतो. भाकरीच्या तव्याला तेलाची सवय नसते, त्यामुळे पहिलं धिरडं चिकटणारच. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवा आणि प्रत्येक धिरड्याआधी तवा पुसा. तवा चांगला तापवून पाण्याचा हबका मारा, मग पीठ कडेकडून आत ओतत या. पळीने गोल फिरवायला जाऊ नका, गव्हाच्या चिकटपणामुळे पीठ पळीबरोबर ओढलं जातं. झाकण दीड मिनिट, मग उघडं. कडा आपण होऊन सुटल्या की सराटा घाला, त्याआधी नाही. कडा सुटूनही मध्ये तुटत असेल तर पाणी जास्त झालंय, दोन मोठे चमचे बेसन मिसळून पुढचं टाका.

जवसाची चटणी किंवा ठेचा याबरोबर. दही-ताक नको वाटेल, पिठातच पुरेसं आंबट आहे.

चूल की गॅस

बऱ्याच घरांत खरा निर्णय इथेच होतो. पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्या, भडकन पेटतात, जाळ उंच येतो आणि तितक्याच लवकर बसतो. पातळ धिरड्याला असा जाळ मानवतो, दोन-तीन मिनिटांत काम होतं आणि आच बसेपर्यंत धिरडं ताटात. जाड पॅनकेकला सगळे घाणे होईपर्यंत एकसारखी मंद आच लागते. पऱ्हाटीवर तो बाहेरून काळा आणि आतून ओला निघतो. चुलीवर पॅनकेक करायचेच असतील तर बाभळीचे निखारे पडू द्या, जाळ पुढे ओढून घ्या आणि मग तवा ठेवा. गॅस असेल तर ही अडचणच नाही.

शेतात न्यायच्या शिदोरीला मात्र निकाल उलटा लागतो. ज्वारीचं धिरडं दुपारपर्यंत वाळतं, घडीवर तडकतं. पॅनकेक अंडं, तेल आणि गुळामुळे दुपारीही मऊ राहतो. धिरडंच न्यायचं असेल तर पिठात एक मोठा चमचा तेल घाला, जरा जाड टाका आणि गरम असतानाच फडक्यात गुंडाळा.

बाकीचे दोन

नुसता स्टार्टर: 100 ग्रॅमला पाव चमचा मीठ, कापलेली कांद्याची पात, तीळ. तव्यावर मोठा चमचाभर तेल, वरून झाकण, तीन-चार मिनिटांनी उलटून आणखी दोन. बाहेरून कुरकुरीत, आतून चिवट. बारा ते चोवीस तासांपूर्वी पीठ-पाणी घातलेल्या स्टार्टरचाच करा. जुन्याचा गिचका होतो. चौघांच्या नाश्त्याला हा उपाय नाही, 100 ग्रॅममध्ये एक माणूस होतो.

झाडीपट्टीत, भंडारा-गोंदियाकडे, ज्वारीपेक्षा तांदळाचं पीठ हाताशी असतं, म्हणून आयत्यांत, म्हणजे तांदळाच्या पातळ धिरड्यांत, स्टार्टर घालावासा वाटेल. घाला, पण थोडाच: 200 ग्रॅम तांदळाच्या पिठाला 50 ग्रॅम. जास्त घातला तर आयत्याची जाळी आणि कुरकुरीतपणा दोन्ही जातात. तांदूळ तळाशी बसतो, प्रत्येक वेळी ढवळून ओता.

घरात कुणाला सेलिअॅक आजार असेल, म्हणजे गहू चालत नसेल, तर ज्वारीचं म्हणून हे धिरडं त्यांच्या ताटात वाढू नका. आंबवल्याने गव्हातलं ग्लुटेन त्यांच्यासाठी निर्धोक होत नाही, आणि स्टार्टरने माखलेली पळी, सराटा, तवा हेसुद्धा वेगळे ठेवावे लागतात.

आणि पाव भाजत नसाल, फक्त आंबूस धिरड्यासाठी स्टार्टर पाळायचा विचार असेल, तर नका पाळू. रोज पीठ घालून ते सांभाळण्यापेक्षा 200 ग्रॅम ज्वारीचं पीठ 100 मिली ताक आणि 200 मिली पाण्यात भिजवा. उन्हाळ्यात चार-पाच तास, थंडीत रात्रभर. सकाळी 50 ग्रॅम बेसन, मीठ-मिरची आणि लागेल तेवढं पाणी घालून त्याच तव्यावर टाका.