स्पिती खोरं: सरकारी बस आणि गावातल्या घरांचा मुक्काम

‘मनाली ते मनाली, सहा दिवसांत स्पिती’ अशी हिमाचलातल्या या खोऱ्याची पॅकेजं पुण्या-मुंबईत सर्रास विकली जातात. ती घेऊ नका. मनाली साधारण 2,050 मीटरवर आहे. अटल बोगदा ओलांडून ग्रांफू-बातलचा दगडगोट्यांचा रस्ता संपला की त्याच दिवशी कुंझुमची 4,551 मीटरची खिंड येते, किंवा बरेच जण पहिलीच रात्र चंद्रताल तळ्याजवळच्या तंबूत, 4,200 मीटरच्या आसपास काढतात. मग डोकं ठणकतं, अन्न जात नाही, झोप लागत नाही. इतक्या लांब जाऊन खोरं बघायचंच राहून जातं.

शिमल्याकडून किन्नौरमार्गे गेलं तर उंची टप्प्याटप्प्याने चढते. सराहन 2,200 च्या आसपास, कल्पा 2,960, नाको 3,660, मग ताबो थोडं खाली 3,280, आणि खोऱ्यातलं मुख्य गाव काझा साधारण 3,650. कल्प्यात दोन रात्री, नाको आणि ताबोत एकेक, काझ्यात दोन एवढं केलं की वरच्या गावांत झोपायला शरीर तयार असतं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फाची ॲलर्जी असेल तर हे विचारणं फारच महत्त्वाचं. डोकेदुखीबरोबर तोल जायला लागला किंवा बसल्या जागी दम लागला, तर गोळीच्या भरवशावर न थांबता खाली उतरायचं.

कल्प्याच्या खालच्या रेकाँग पिओहून काझ्याला हिमाचलची सरकारी बस पहाटे सुटते. अंतर 200 किलोमीटरच्या आसपास, वेळ दहा ते बारा तास. तिकीट डेपोच्या खिडकीवर काढावं. नाको किंवा ताबोसारख्या मधल्या गावात चढलात तर बसायला जागा मिळेलच असं नाही, त्यामुळे सामान मांडीवर मावेल एवढंच ठेवा. नाकोजवळच्या मलिंग नाल्यावर दरड येते. रस्ता बंद असेल तेव्हा प्रवासी सामान घेऊन चालत पलीकडे जातात आणि तिकडच्या गाडीत बसतात. म्हणून चाकाच्या बॅगेपेक्षा पाठीवरची सॅक बरी, आणि परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे हवेत.

काझ्यापुढच्या गावगाड्यांचं वेळापत्रक गावकऱ्यांच्या सोयीचं आहे. किब्बरची किंवा पिन खोऱ्यातल्या मुदची बस दुपारनंतर काझ्याहून निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत येते. पर्यटक याला गैरसोय म्हणतात. खरं तर हीच या सेवेची सर्वांत चांगली बाजू आहे, कारण रात्र गावात काढावीच लागते. टॅक्सीने एका दिवसात लांगझा, हिक्किम, कोमिक ‘उरकणाऱ्यांना’ हिक्किमच्या टपाल कचेरीतून पत्र टाकल्याचं समाधान मिळतं, पण संध्याकाळी याक आणि मेंढरं घरी येतात तेव्हाचं गाव त्यांना दिसत नाही.

घरं मातीच्या विटांची, सपाट छपराची असतात. छपराच्या कडेने सरपण आणि वाळलेला चारा रचलेला असतो. मधल्या खोलीत पत्र्याची शेगडी, तिच्याभोवती भिंतीला लागून गाद्या. घरातलं सगळं जगणं या एका खोलीत चालतं, पाहुण्यानेही तिथेच बसावं. जेवायला वरण-भात, बटाटा, हंगामात हिरवा वाटाणा, कधी थुक्पा म्हणजे नूडल्सचं सूप, किंवा तिंगमो हा वाफवलेला पाव. सातूच्या भाजलेल्या पिठाला त्साम्पा म्हणतात. लोणी-मिठाच्या चहात ते कालवून खाल्लं की पोटाला चांगला आधार होतो. मुक्कामाचा दर गावागणिक आणि हंगामागणिक बदलतो, तेव्हा दोन वेळचं जेवण धरून आधीच ठरवा. काझ्यात एटीएम आहे, पण वरच्या गावांसाठी रोख रक्कम जवळ ठेवा. ऑनलाइन पैसे रेंज असेल तरच जातात.

बहुतेकांची अडचण होते ती संडासाची. जुन्या घरांत तो कोरडा असतो: वरच्या मजल्यावर जमिनीला भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं. काम झालं की दोन फावडी माती टाकायची आणि वर पाणी ओतायचं नाही. पाण्याने खालचा थर कुजतो आणि वास सुटतो. कोरडा राहिला तर वसंतात त्याचं खत सातू-वाटाण्याच्या शेतात जातं. कागद टाकायला वेगळी पिशवी जवळ ठेवा. आंघोळीला रोज गरम पाण्याची बादली मागू नये. इथलं पाणी वितळलेल्या बर्फाचं, कुल नावाच्या पाटांनी आणलेलं. हिवाळ्यात बर्फ कमी पडला की वाटाण्याचं पीक जातं, आणि रोख पैसा देणारं मुख्य पीक तेच.

इतकं कोरडं का, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. सह्याद्रीने पाऊस अडवला की माण-खटावला जे होतं, तेच इथे पीर पंजाल आणि त्यामागच्या रांगांमुळे होतं. डोंगर उघडे: तांबडे, राखी, जांभळट. लांगझाच्या काळ्या शेल खडकात अमोनाइट या शंखासारख्या जुन्या समुद्री जीवाचे जीवाश्म सापडतात. आपल्या देवघरातला गंडकीचा शाळिग्राम त्याच जातीचा, हिमालयाच्या जागी पूर्वी असलेल्या टेथिस समुद्राच्या तळाचा. पोरं ते विकायला आणतात. घेऊ नका, ते डोंगरातच राहू द्या.

ताबोचा मठ 996 सालचा. हिमालयातलं अजिंठा म्हणतात त्याला, पण अजिंठ्याच्या चित्रांमागे कातळ आहे, इथे भिंतच मातीची. आत अंधार आणि फोटोला मनाई. डोळे सरावेपर्यंत पाच मिनिटं नुसतं उभं राहा. मग भिंतींतून पुढे आलेल्या मातीच्या मूर्ती एकेक करून दिसायला लागतात, आणि चित्रांवर उतरलेले छताच्या गळतीचे ओघळही. इथे एक सकाळ पूर्ण द्यावी.

भाषा भोटी, तिबेटी कुळातली, लिपीही तिबेटी. खोऱ्याला तिथले लोक ‘पिती’ म्हणतात, अर्थ मधला प्रदेश. ‘जुले’ हा एक शब्द नमस्काराला, आभाराला आणि निरोपाला चालतो. हिंदी बहुतेकांना येते, तरी चार शब्द माहीत असले की नकाशा वाचता येतो. ला म्हणजे खिंड, त्सो म्हणजे तळं, छु म्हणजे पाणी, खर म्हणजे गढी. धनकरच्या नावात तो ‘खर’च आहे: कड्यावरची गढी. जुनी राजधानी तिथेच होती, आणि मठाखाली पिन आणि स्पितीचा संगम दिसतो. वाटेत मणी-भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत) किंवा छोर्तेन (बौद्ध स्तूप) लागला तर तो उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं.

सप्टेंबर सर्वांत चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरात दरडी जास्त, आणि दुपारी बर्फ वितळून नाले फुगतात, त्यामुळे गाडीने जात असाल तर ते दुपारच्या आत ओलांडा. भारतीयांना परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरतं. परदेशी पासपोर्टवर आलेल्या नातेवाइकांना मात्र किन्नौर-स्पितीच्या सीमेलगतच्या टप्प्यासाठी इनर लाइन परमिट काढावं लागतं. ते पिओत मिळतं.

कुंझुम उघडी असेल तर परतताना मनालीची वाट धरा. आठ-दहा दिवस उंचीवर काढल्यावर चंद्रतालची रात्र शरीराला जड जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी उतारच असतो.