सांगलीचे रेडिओ नेटवर्क: सर्व्हर टॉवरजवळ की पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये?

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात फाइव्ह-जीचे रेडिओ नेटवर्क साध्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरच्या रूपात चालवायचे ठरले, की सर्व्हर इथेच ठेवावेत की सरळ पुण्याला न्यावेत, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघतो. मात्र या सॉफ्टवेअरचे दोन भाग असतात: रेडिओ सिग्नलवरची क्षणाक्षणाची प्रक्रिया करणारे डीयू (डिस्ट्रिब्युटेड युनिट) आणि त्याच्या वरची, कमी घाईची कामे सांभाळणारे सीयू (सेंट्रलाइज्ड युनिट). दोघांना तो प्रश्न वेगवेगळा विचारावा लागतो.

डीयूच्या बाबतीत निवडीला फारसा वाव नाही. फायबरमधून एक किलोमीटर जायला प्रकाशाला सुमारे 5 मायक्रोसेकंद लागतात आणि अँटेनाजवळच्या रेडिओ युनिटपासून डीयूपर्यंत पोहोचायला साधारण 100 मायक्रोसेकंदच हाताशी असतात. म्हणजे फायबरची लांबी फार तर 20 किलोमीटर. पुणे रस्त्याने सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. फायबर तेवढाच धरला तरी एकेरी प्रवासातच 1 मिलीसेकंदाहून अधिक वेळ जातो आणि उपलहरींमधल्या 30 किलोहर्ट्‌झ अंतराच्या रचनेत एक स्लॉट, म्हणजे प्रक्षेपणाचा एक वेळ-तुकडा, अवघ्या अर्ध्या मिलीसेकंदाचा असतो. कितीही महागडा सर्व्हर घेतला तरी ही तूट भरून निघत नाही. सांगली, मिरज आणि कुपवाड मात्र एकमेकांना इतकी लागून आहेत की तिन्ही गावांची डीयू एका खोलीत मावतात. साताऱ्यातून महाबळेश्वरची डीयू चालवण्याचा बेत त्याच हिशेबाने बाद होतो.

सीयूला काही मिलीसेकंदांचा उशीर चालतो, त्यामुळे ते पुण्यात ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते: तिथे दुहेरी वीज, थंडावा आणि रात्रपाळीची माणसे आयती मिळतात. मात्र फायबरचे दोन्ही मार्ग एकाच महामार्गाच्या कडेने जात असतील, तर रुंदीकरणाचा एकच जेसीबी दोन्ही तोडतो आणि दुसरा मार्ग कागदावरच राहतो. कारखान्याच्या आवारापुरते खासगी नेटवर्क असेल, तर सीयूही आवारातच ठेवावे.

स्थानिक खोलीचा खरा खर्च सर्व्हरपेक्षा खोलीवरच होतो. एप्रिलच्या दुपारी रॅकचे दार उघडले, की तोंडावर गरम झोत येतो आणि पंख्याच्या जाळीवर बोट फिरवले तर धुळीत रेघ उमटते. 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती, त्यामुळे नदीकाठचा तळमजला भाड्याने कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. घड्याळाची सोयही इथेच करावी लागते, कारण शेजारच्या टॉवरांचे प्रक्षेपण एकमेकांवर आदळू नये म्हणून वेळ दीड मायक्रोसेकंदाच्या आत जुळावी लागते.

करारावर सही करण्याआधी फायबर पुरवठादाराकडून प्रत्येक टॉवरचा ओटीडीआर अहवाल, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून त्याची खरी लांबी मोजणाऱ्या चाचणीचा अहवाल, मागवावा. नकाशावर 12 किलोमीटरवर दिसणारा टॉवर फायबरच्या वळणावळणांनी 21 किलोमीटरवर निघू शकतो.